तार आलेला नमुना : एसडीएस-पेज जेल आणि डीएनएचं एक प्रकरण

मे महिना, लातूर, दुपारचे तीन. डेस्टेनच्या, म्हणजे जास्तीचा रंग उतरवायच्या द्रावणाच्या, डब्यातून जेल (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारी लिबलिबीत पाटी) काढून लाइट बॉक्सवर पसरलं आणि आमची विद्यार्थिनी एकदम म्हणाली, "मॅडम, फरक आलाय बघा!"

फरक आला होता यात शंका नव्हती. लेन म्हणजे एकेका नमुन्याची उभी वाट, बँड म्हणजे तिच्यातला एका आकाराच्या प्रथिनांचा आडवा पट्टा. डावीकडच्या चार लेनमधले बँड सुटे आणि रेखीव होते. उजवीकडच्या चार लेनमध्ये मात्र कुणी ओला बोळा वरून खाली फिरवावा तसे निळसर ओघळ, त्यात बुडालेले फिके बँड, आणि अगदी तळाशी, १४ किलोडाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं एकक) आसपास, एक ठसठशीत बँड. तो डावीकडे नव्हताच. डावीकडे २८ अंशांवर वाढवलेले जिवाणू होते, उजवीकडे तेच जिवाणू तासभर ४२ अंशांचा चटका दिलेले. तिने जेलच्या फोटोवर त्या तळच्या बँडभोवती लाल पेनाने गोल काढला आणि शेजारी लिहिलं, "स्मॉल हीट शॉक प्रोटीन?"

प्रश्नचिन्ह तिने काढलं, हे तिचं श्रेय. मी कदाचित काढलं नसतं. त्या दिवशी मलाही ते जेल आवडलं होतं.

प्रकल्प काय होता

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. विषय आमच्याच भागातला : सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत राहणारा ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू. पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतात, दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट. पाकिटावर ‘थंड व सावलीच्या जागी ठेवा’ असं छापलेलं असतं आणि पाकीट असतं पत्र्याखालच्या दुकानात, तिथून दुचाकीच्या डिकीत. मुलीचं गाव औशाकडचं. तिच्या वडिलांनी तिला विचारलं होतं, "त्या पुडीतलं काही जित्तं ऱ्हातंय का, का नुसतीच काळी भुकटी चोळलालोय आम्ही?" प्रकल्पाचं शीर्षक इंग्रजीत लांबलचक आहे, पण मूळ प्रश्न एवढाच.

त्यांच्याच शेतातल्या गाठींतून तिने एक जिवाणू शुद्ध करून घेतला होता. उष्णतेला तो कसं तोंड देतो याची पहिली पायरी म्हणून दोन्ही अवस्थांतली प्रथिनं १२ टक्के जेलवर शेजारी शेजारी धावडवायची. उष्णता वाढली की जिवाणू काही प्रथिनं जास्त बनवतात. ६० किलोडाल्टनजवळचं ग्रोईएल आणि ७० जवळचं डीएनएके ही त्यातली नावाजलेली. ब्रॅडीरायझोबियम ज्यात मोडतो त्या रायझोबियम गटात १५ ते २० किलोडाल्टनची छोटी उष्माप्रथिनंही (स्मॉल हीट शॉक प्रोटीन) बरीच सापडतात. त्यामुळे १४ जवळ नवा बँड दिसल्यावर तिला जे वाटलं ते अगदीच हवेतलं नव्हतं.

पद्धत साधी, १९७० साली लेमलीने दिलेली. एसडीएस हे साबणासारखं रसायन प्रथिनाच्या साखळीला चिकटतं, साधारण एका ग्रॅम प्रथिनाला १.४ ग्रॅम, आणि सगळ्यांना सारख्या प्रमाणात ऋणभार चढवतं. मग वीज लावली की जेलमधून धन टोकाकडे पळताना कोण पुढे जाणार हे फक्त आकारावर ठरतं. या सगळ्या हिशेबात नमुन्यात प्रथिनंच आहेत असं आपण धरून चालतो. पेशी फोडली की आतलं सगळंच बाहेर येतं, आणि त्यातल्या एका गोष्टीला ऋणभारासाठी एसडीएसची गरजच नसते.

पहिला संशय, जो आम्हाला हवा होता

ओघळ का आले, यावर तिचं उत्तर तयार होतं : उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटली, ती एकमेकांत गुंतली, गोळे झाले, आणि ते गोळे लेनमध्ये अडकत अडकत गेले. ऐकायला छान. शिवाय प्रकल्पाच्या विषयाला शोभणारं. दोन दिवस मीही हेच धरून चालले होते, हे लिहायला थोडं जड जातंय.

अडचण अशी की ते गोळे मोडायलाच आपण नमुना एसडीएस आणि मरकॅप्टोइथेनॉलमध्ये घालून पाच मिनिटं ९५ अंशांवर उकळतो. उकडलेल्या अंड्याइतका घट्ट झालेला प्रकारही त्यात बऱ्यापैकी सुटतो. ४२ अंशांवर तासभर राहिलेल्या, त्यातूनही जिवंत असलेल्या पेशीतले गोळे त्यात सुटणार नाहीत, हे पटण्यासारखं नव्हतं.

मग तोच नमुना दुसऱ्या जेलवर घालून सिल्व्हर स्टेन केला, म्हणजे चांदीच्या क्षाराने रंगवला. उजवीकडच्या लेन वेलच्या (नमुना भरायच्या खाचेच्या) तोंडापासून खाली तपकिरी-काळ्या झाल्या. पहिल्या, कूमासी या निळ्या रंगाच्या जेलवर जिथे नुसता फिकट पडदा होता, तिथे सिल्व्हरमध्ये डांबर ओतल्यासारखं. सिल्व्हर जास्त संवेदनशील, हे खरं. पण बँड त्या प्रमाणात गडद झाले नव्हते, पडदाच झाला होता. म्हणजे तिथे असं काही होतं जे चांदीला दिसतं आणि कूमासीला दिसत नाही. कूमासी प्रथिनाला चिकटतो. न्यूक्लिक आम्लाशी, म्हणजे डीएनए-आरएनएशी, त्याला देणंघेणं नाही, म्हणूनच हा गुन्हेगार रोजच्या जेलवर कधी पकडला जात नाही. त्याने केलेली नासधूस दिसते, तो दिसत नाही.

अर्थात चांदीला जिवाणूंच्या बाह्यावरणातलं लिपोपॉलिसॅकराइडही दिसू शकतं. म्हणजे संशयित दोन.

मामांचं निरीक्षण

आमच्या प्रयोगशाळेतले मामा जेल लोड होताना शेजारी उभे होते. त्यांना विचारलं, त्या दिवशी काही वेगळं दिसलं का? ते म्हणाले, "मॅडम, त्या पोरीच्या टिपला तार येत होती. पाकावानी. एकतारी न्हाई, चांगला दोनतारी."

मुलगी गप्प. मग म्हणाली, हो, पिपेटची टिप वेलमधून वर काढताना नमुना बरोबर वर आला होता. एकदा तर अख्खा थेंब शेजारच्या वेलमध्ये जाऊन पडला. तिला वाटलं, ग्लिसरॉल जास्त झालं असेल. वहीत तिने यातलं काहीच लिहिलं नव्हतं.

ग्लिसरॉलने नमुना जड होतो, वेलच्या तळाशी बसतो; त्याला तार येत नाही. तार यायला लांबलचक धागा लागतो. ब्रॅडीरायझोबियमच्या ज्या प्रसिद्ध जातीचा संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला, त्यात सुमारे ९१ लाख बेसजोड्या आहेत. एका जोडीला ०.३४ नॅनोमीटर धरलं तर तो डीएनए ताणून तीन मिलिमीटर भरतो, आणि तो राहतो दोनेक मायक्रॉनच्या पेशीत. पेशी हळुवार फोडली की हा गुंडाळलेला सुतळीचा तोडा पाण्यात सुटतो. एका मिलिलिटरात अशा कोट्यवधी पेशी. उकळल्याने डीएनएचे दोन पदर वेगळे होतात, पण धाग्याची लांबी फारशी कमी होत नाही.

असा धागा १२ टक्के जेलच्या छिद्रांत शिरूच शकत नाही. तो वेलच्या तळाशी किंवा स्टॅकिंग जेलच्या (वरच्या सैल थराच्या) काठावर जाळ्यासारखा बसतो. प्रथिनं त्यातून वाट काढत उशिरा, थोडी थोडी खाली येतात, आणि आपल्याला ओघळ दिसतो. शेजारच्या लेनचा रंगाचा काठ वाकडा होतो तोही याचमुळे.

आमच्या एका सहकाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, "रायझोबियम आहे तो, चिकट असणारच. प्लेटवर वसाहती पाहिल्या नाहीत का, लाळ सुटल्यासारख्या असतात." मुद्दा बरोबर आहे. रायझोबियम पेशीबाहेर भरपूर बहुशर्करा सोडतो, आणि तिची चिकटाईही तशीच दिसते. पण बहुशर्करा पेशीच्या बाहेर असते. ती असती तर फ्लास्कमधलं द्रावण आणि सेंट्रिफ्यूजनंतरचा पेशींचा गोळाही बुळबुळीत लागला असता. तिचा गोळा घट्ट बसला होता, मिठाच्या पाण्याने दोनदा धुतलेला होता. तार आली ती पेशी फोडल्यानंतर.

सहकारी म्हणाले, "मग डीएनेझ घाला, सोक्षमोक्ष लागेल."

डीएनेझने आम्हाला खोटं ठरवलं

घातलं. दोन छोट्या नळ्यांत शिल्लक लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण), एकात डीएनेझ-१ हे डीएनए तोडणारं एन्झाइम, दुसऱ्यात नुसतं पाणी. पंधरा मिनिटं बाकावरच ठेवलं. मे महिन्यात लातुरात बाकावरच ३५-३७ अंश असतात, इनक्युबेटर लावायची गरज नाही. मग टिप बुडवून उचलली. दोन्हींत तार. जशीच्या तशी.

सहकारी हसले. मी तिला म्हटलं, "अगं, पेशी फोडायला बफर कोणता घेतला होतास?"

तिने वही उघडली. कंट्रोलच्या (२८ अंशांच्या) पानावर : "सेल लायसिस – स्टँडर्ड मेथड." हीटच्या पानावर : "सेल लायसिस – स्टँडर्ड मेथड."

"म्हणजे सोनिकेशन ना?"

"कंट्रोलचं सोनिकेशन, मॅडम. हीटच्या दिवशी सोनिकेटर मिळाला नाही."

सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडणारं यंत्र, आमचा नाही, दुसऱ्या विभागाचा. त्या खोलीची चावी ज्यांच्याकडे, ते उदगीरला लग्नाला गेले होते. लग्नसराईत आमच्याकडे कुठलीच चावी जागेवर नसते. पोरगी हुशार, अडून बसली नाही. तिने लायसोझाइम (पेशीची भिंत विरघळवणारं एन्झाइम) आणि १० मिलिमोलर ईडीटीए घातलेल्या ट्रिस बफरमध्ये पेशी भिजवल्या, डीप फ्रीझरमध्ये तीनदा गोठवून तीनदा वितळवल्या आणि पेशी फोडल्या. हीसुद्धा पुस्तकातलीच पद्धत आहे, त्या अर्थाने ‘स्टँडर्ड’ खरंच. दोन स्टँडर्ड पद्धती एका जेलवर शेजारी आल्या आणि मधला फरक आम्ही उन्हाच्या नावावर मांडला.

डीएनेझचंही कोडं त्याच वाक्यात सुटलं. डीएनेझ-१ ला काम करायला मॅग्नेशियम लागतं, सोबत थोडं कॅल्शियम असेल तर उत्तम. ईडीटीए हे दोन्ही आयन पकडून ठेवतं. एन्झाइम घातलं होतं, पण हात बांधून. त्याच नळीत मॅग्नेशियम क्लोराइड १५ मिलिमोलरपर्यंत नेलं, म्हणजे ईडीटीएचं पोट भरून ५ उरेल, आणि पुन्हा डीएनेझ घातलं. दहा मिनिटांत टिपवरून थेंब पाण्यासारखा टपकला. नुसतं मॅग्नेशियम घातलेल्या नळीत तार कायम. सहकाऱ्यांनी स्वतः टिप उचलून पाहिली आणि चहा सांगितला.

डीएनए दाखवणाऱ्या ०.८ टक्के अगारोज जेलवरही तो मूळ लायसेट धावडवला : वेलच्या तोंडाशीच लख्ख चकाकी आणि तळाशी आरएनएचा धूसर ढग.

उलटसुलट चार नमुने

संशयित सापडला, पण उष्णता निर्दोष आहे हे अजून सिद्ध झालं नव्हतं. दोन्ही फ्लास्कमधल्या पेशींचे अर्धे गोळे फ्रीझरमध्ये होते. त्यातून चार नमुने केले : कंट्रोल सोनिकेट केलेला, कंट्रोल गोठवून फोडलेला, हीट सोनिकेट केलेला, हीट गोठवून फोडलेला. प्रत्येकी दोन लेन, एक मार्कर (माहीत वजनांच्या प्रथिनांचा), आणि दहाव्या वेलमध्ये नुसतं लायसोझाइम. हा दहावा वेल मुलीला वाया गेल्यासारखा वाटत होता.

सोनिकेशनला बर्फ लागतो. प्रोब दर दहा सेकंदांनी नमुना तापवतो, आणि तापला की पेशीतलेच प्रोटिएझ प्रथिनं कुरतडायला लागतात. आमचं बर्फाचं मशीन दोन वर्षं बंद आहे. कॉलेजसमोरच्या रसवंतीवाल्याकडून मामांनी वीस रुपयांचा बर्फ आणला, गोणपाटात घालून हातोडीने फोडला. दहा सेकंद चालू, वीस सेकंद बंद, सहा वेळा. प्रोटिएझना रोखणारं पीएमएसएफ ऐन वेळी घातलं. पीएच ८ च्या पाण्यात ते पस्तीसेक मिनिटांतच निम्मं उरतं, आधी घालून ठेवण्यात अर्थ नसतो.

जेल धुतलं तेव्हा यावेळी कुणी काही बोललं नाही. ओघळ गोठवून फोडलेल्या चारही लेनमध्ये होते, कंट्रोल असो की हीट. सोनिकेट केलेल्या चारही लेन स्वच्छ. आणि १४ किलोडाल्टनचा तो ठसठशीत बँड फक्त गोठवलेल्या लेनमध्ये, दहाव्या वेलमधल्या लायसोझाइमच्या अगदी रेषेत. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं हे एन्झाइम १४.३ किलोडाल्टनचं असतं. सोयाबीनच्या गाठीतला उष्माप्रतिसाद म्हणून आम्ही अंड्याच्या प्रथिनाभोवती लाल गोल काढला होता.

खरा फरक सोनिकेट केलेल्या लेनमध्ये होता, पण तो असा डोळ्यांत भरणारा नाही : ६० जवळचा बँड हीटमध्ये स्पष्ट गडद. १७-१८ जवळ काहीतरी वाढल्याचा भास होतो. कूमासीच्या जेलवर मी त्यावर पैज लावणार नाही.

मोजमापाचा वेगळा घोळ

एक गोष्ट उरली होती. पहिल्या जेलवर हीटचे बँड फिके का? प्रत्येक लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम प्रथिन लोड केल्याचं तिने लिहिलं होतं.

कंट्रोल ब्रॅडफोर्ड पद्धतीने, म्हणजे कूमासीचा रंग किती चढतो त्यावरून, मोजलेला होता. हीटच्या वेळी ब्रॅडफोर्डची बाटली संपलेली, नवी कोटेशनमध्ये अडकलेली. म्हणून तिने लायसेट वीसपट विरळ करून थेट २८० नॅनोमीटरवर अतिनील प्रकाश किती शोषला जातो याचं वाचन घेतलं, ०.६२ आलं, एक वाचन म्हणजे एक मिलिग्रॅम असं धरून १२.४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलं. सुदैवाने मशीनने २६० चं वाचनही नोंदवलं होतं : ०.९८.

२६० आणि २८० चं गुणोत्तर १.५८. निव्वळ प्रथिनाचं ते ०.६ च्या आतबाहेर असतं, निव्वळ डीएनएचं १.८, आरएनएचं २. म्हणजे मशीन मुख्यतः न्यूक्लिक आम्लच मोजत होतं. वारबुर्ग आणि ख्रिश्चन यांचं जुनं सूत्र आहे, २८० च्या वाचनाच्या १.५५ पटीतून २६० च्या वाचनाची ०.७६ पट वजा करायची. ०.९६ वजा ०.७४, उरले ०.२२. वीसने गुणलं तर ४.३ मिलिग्रॅम. लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम म्हणून जे गेलं ते प्रत्यक्षात सातच्या आसपास होतं.

इथे एक बारकावा विद्यार्थ्यांना हमखास चकवतो. सोनिकेशनने न्यूक्लिक आम्ल कमी होत नाही, फक्त धागा तुटतो. त्यामुळे लेन स्वच्छ येते, २८० चं वाचन तेवढंच खोटं राहतं. न्यूक्लिएझ (न्यूक्लिक आम्ल तोडणारं एन्झाइम) घातलं तरी तेच, उलट सुटे झालेले तुकडे अतिनील प्रकाश थोडा जास्तच शोषतात. शिवाय जिवाणूच्या पेशीत वजनाने आरएनए डीएनएपेक्षा कितीतरी जास्त असतो, ई. कोलायच्या सुक्या वजनात आरएनए सुमारे २० टक्के, डीएनए तीनेक टक्के. थोडक्यात, तार आणतो डीएनए आणि मोजमाप बिघडवतो मुख्यतः आरएनए. एकाचा बंदोबस्त केला म्हणजे दुसऱ्याचा झाला असं नाही.

ब्रॅडफोर्डच्या बाटलीची वाट बघणं मग सोडून दिलं. १०० मिलिग्रॅम कूमासी जी-२५० पन्नास मिलिलिटर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, त्यात १०० मिलिलिटर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल, पाणी घालून एक लिटर, गाळून घेतलं. कोटेशन अजून आलेलं नाही.

सुई

चावीचा भरवसा नाही म्हणून सोनिकेटरशिवायचा मार्गही बसवून घेतला. मेडिकलमधून सिरिंज आणल्या. पहिल्यांदा मुलीने इन्सुलिनची आणली, सुई इतकी बारीक की लायसेट आत शिरेना, शिरलं तेव्हा दट्ट्याच निघून हातात आला. मग आधी २२ गेज, नंतर तिच्याहून बारीक २६ गेज. नळीच्या भिंतीला टेकवून, हवा न ओढता, दहा-पंधरा वेळा वर-खाली. अरुंद सुईतून ढकलताना लांब धागे ताणून तुटतात. हे एसडीएस घालण्याआधी करावं, नाहीतर फेसाने सिरिंज भरते आणि नमुना किती उरला ते कळत नाही. सोनिकेशनइतकी लेन साफ येत नाही, पण वेलमधून नमुना वर येणं थांबतं. आणि कंट्रोल असो वा हीट, दोन्हींना सारखीच सुई, सारख्याच वेळा.

रोजच्या एसडीएस-पेजसाठी मी न्यूक्लिएझ शेवटचा उपाय म्हणून ठेवते. डीएनेझ-१ स्वतः ३१ किलोडाल्टनचा बँड देतं, आरनेझ-ए १३.७ चा, लायसोझाइमने एकदा हात पोळल्यावर त्याच जागी दुसरा पाहुणा कशाला बोलवा. घालायचंच झालं तर नुसत्या एन्झाइमची एक लेन हवी.

पुण्याला पाठवलेली पट्टी

दुसऱ्या टप्प्यात टूडी जेल करायचं होतं, म्हणजे प्रथिनं आधी भारानुसार आणि मग आकारानुसार, अशी दोन दिशांनी वेगळी करायची. ती सोय आमच्याकडे नाही, नमुने पुण्याच्या एका संस्थेत गेले. पहिल्या दिशेला प्रथिनं पीएचच्या उतारावर, आपला निव्वळ भार शून्य होईल तिथे थांबतात. तिथे एसडीएस नसतं, यूरिया-थायोयूरिया आणि चॅप्स नावाचा सौम्य साबण असतो. म्हणजे प्रथिन आणि न्यूक्लिक आम्ल यांचं एकमेकांना धरून बसणं तोडायला एसडीएसचा धाक नाही. न्यूक्लिक आम्ल फॉस्फेटमुळे सगळीकडेच ऋण, ते आम्ल टोकाकडे खेचलं जातं आणि आपल्याबरोबर प्रथिनांनाही ओढत नेतं. ठिपक्यांऐवजी आडवे फराटे. उकळण्याचा मार्गही बंद, कारण यूरिया तापला की प्रथिनांना चिकटून त्यांचा भारच बदलतो.

आम्ही पाठवलेला पहिला नमुना डीएनेझ दिलेला होता, कारण तो पाण्यासारखा दिसत होता. तिथून फोन आला : पट्टीवर व्होल्टेज चढेना. आम्हीच घातलेलं १५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड म्हणजे मीठच की. दुसऱ्यांदा ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल आणि अॅसिटोनने प्रथिनं खाली बसवून पाठवली. मीठ गेलं, फराटे राहिले. त्या आम्लात न्यूक्लिक आम्लही प्रथिनांबरोबर खाली बसतं. तिसऱ्यांदा फिनॉल. प्रथिनं फिनॉलच्या थरात, न्यूक्लिक आम्ल पाण्याच्या थरात, मधली पांढरी साय न हलवता पाण्याचा थर काढून टाकायचा, फिनॉल पुन्हा धुवायचा, मग अमोनियम अॅसिटेट घातलेल्या थंड मिथेनॉलमध्ये रात्रभर उणे २० ला. हर्कमन आणि तनाका यांनी १९८६ मध्ये वनस्पतींसाठी वापरलेली पद्धत, जिवाणूंनाही चालते. वास दोन दिवस हातमोज्यांतूनही जात नाही. मामांनी त्या दोन दिवसांत प्रयोगशाळेत डबा खाल्ला नाही.

ठिपके आले. ६० जवळचा बँड टूडीत एकाच आकाराच्या तीन ठिपक्यांत फुटलेला दिसतो, आणि हीटमध्ये त्यातले दोन वाढतात. ब्रॅडीरायझोबियममध्ये ग्रोईएलच्या अनेक प्रती असतात, त्यांचा याच्याशी संबंध असेल. ठिपके कापून वस्तुमान मोजल्याशिवाय ते लिहायचं नाही, असं ठरलं आहे.

वहीत आता लायसिसच्या पानावर तिने एक रकाना पाडलाय, ‘तार : आहे / नाही’. टिप उचलून ते मामा सांगतात, ती लिहिते. पुण्याच्या त्या तिसऱ्या जेलवर आम्ल टोकाला बोटाच्या पेराएवढा एक फराटा अजून आहे. दोनदा फिनॉल करूनही तो गेला नाही. प्रबंधात तो कापून टाकायचा तिचा विचार होता. फोटो आम्ही पूर्ण छापला आहे.